गोळी आहे म्हणून लस शोधायची नाही?

हत्तीरोगावर गोळी आहे, ती फुकट मिळते, घरपोच मिळते आणि वर्षातून एकदाच खायची असते. मग लसीच्या संशोधनावर पैसा कशाला घालवायचा? वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न वारंवार ऐकू येतो. विचारणारी माणसं या विषयात नवखी नसतात. त्यांत डॉक्टर असतात, आरोग्य खात्यात उमेदीची वर्षं घालवलेले कर्मचारी असतात, सेवाग्रामच्या संस्कारात वाढलेले कार्यकर्तेही असतात. त्यांचं दुसरं वाक्यही ठरलेलं आहे: सेवाग्रामच्या प्रयोगशाळेनं इतकी वर्षं हत्तीरोगाच्या जंताचे अँटिजेन शोधले, पेपर लिहिले, लस कुठे आहे? कोरोनानंतर त्यात तिसऱ्या वाक्याची भर पडली. आता म्हणे अँटिजेन शोधायलाही विषाणू वापरतात. हे विषाणूंचे खेळ आपल्या गावात नकोत.

या तिन्ही वाक्यांना उत्तर द्यायला हवं. पहिलं वाक्य निम्मं खरं आहे, दुसरं घाईचं आहे आणि तिसरं गैरसमजातून आलेलं आहे. पण तिन्ही मिळून एका चुकीच्या निर्णयाकडे नेतात: हत्तीरोग जातोच आहे, तर हे काम गुंडाळून ठेवा. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. हत्तीरोग कमी होतो आहे म्हणूनच हे काम आता झालं पाहिजे, कारण ज्या माणसांच्या रक्तात या प्रश्नाचं उत्तर आहे त्यांची संख्या रोगासोबतच घटत जाणार आहे.

गोळीचं महत्त्व मी कमी लेखत नाही. राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला तेव्हा पूर्व विदर्भात सुजलेला पाय आणि अंडवृद्धी या गोष्टी गावोगाव इतक्या ओळखीच्या होत्या, की लोक त्याला आजारही म्हणत नसत. २००४ पासून देशभर सामुदायिक औषधोपचार सुरू झाला, आधी डीईसीची गोळी, मग तिच्या जोडीला अल्बेंडाझोल. पुढे आयव्हरमेक्टिन धरून तीन औषधांचा एकत्र उपचार आला आणि २०१९ मध्ये आपल्या शेजारच्या नागपूर जिल्ह्यात तो सुरू झाला. या औषधांनी रक्तातले मायक्रोफायलेरिया, म्हणजे जंताची सूक्ष्म पिल्लं, झपाट्यानं कमी होतात. ज्यांनी हे काम केलं, रात्री दहानंतर बॅटरी घेऊन वस्तीत फिरून बोटातून रक्ताचे थेंब काचेवर घेतले, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. हे काम रात्रीच करावं लागतं, कारण हा सूक्ष्म जंत दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत लपून बसतो आणि डास चावण्याच्या वेळी, साधारण रात्री दहा ते दोनच्या दरम्यान, त्वचेजवळच्या रक्तात येतो. हत्तीरोगाची रात्र चिकित्सालयं त्यासाठीच निघाली.

पण गोळी पोटात गेली तर काम करते. आशाताई दारात येते, वय विचारते, गोळ्या मोजून हातावर ठेवते. नियम असा की त्या तिच्या समक्ष गिळायच्या. घरातला माणूस म्हणतो, अजून जेवलो नाही, मग खाईन. उपाशीपोटी गोळी देऊ नये हे त्याला पक्कं ठाऊक असतं आणि तिलाही. गोळ्या देवळीतल्या डबीत जातात. रजिस्टरमध्ये त्या वाटल्या अशी नोंद होते. वाटलेल्या आणि खाल्लेल्या गोळ्यांमधला हा फरक या कार्यक्रमाचं सगळ्यात जुनं दुखणं आहे. ज्याच्या अंगात खरोखर मायक्रोफायलेरिया असतात त्याला गोळीनंतर ताप येतो, मळमळतं, अंग दुखतं. ते जंत मरत असल्याचं लक्षण असतं, पण शेजारी पाहतात ते एवढंच, की धडधाकट माणूस गोळी खाऊन आडवा झाला. पुढच्या वर्षी त्या गल्लीत डब्या भरतात. गरोदर बाया, दोन वर्षांखालची मुलं आणि गंभीर आजारी माणसं यांना गोळी द्यायचीच नसते. कामासाठी बाहेरगावी गेलेला माणूस मोहिमेच्या दिवशी घरी नसतो.

आणि गोळी मुख्यतः मायक्रोफायलेरियांचा नाश करते. लसीकावाहिनीत बसलेला प्रौढ जंत वर्षानुवर्षं जगतो. डीईसीचा त्याच्यावर होणारा परिणाम अपुरा असतो, म्हणूनच मोहीम एका वर्षात संपत नाही, वर्षामागून वर्षं राबवावी लागते. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं हत्तीरोग दुरीकरणासाठी २०१५ हे साल ठरवलं होतं. ते गेलं. जगानं २०२० ठरवलं होतं, तेही गेलं. आता भारताचं उद्दिष्ट २०२७ आहे. ते साधावं अशी माझी इच्छा आहे. पण ज्या साधनानं दोन मुदती हुकल्या त्याच्याकडे पाहून दुसरं साधन शोधायचंच नाही असं कोणी म्हणत असेल, तर तो काटकसरीचा सल्ला ठरत नाही.

आता अँटिजेनविषयी. जंताच्या अंगावरचा किंवा त्यानं सोडलेला असा पदार्थ, ज्याला आपलं शरीर ओळखतं आणि ज्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं, तो अँटिजेन. कोरोनाच्या काळात हा शब्द घराघरात गेला. लस करायची तर पूर्ण जंत टोचता येत नाही. त्याचे नेमके कुठले पदार्थ ओळखल्यानं शरीर जंताला रोखू शकतं ते आधी शोधावं लागतं. हत्तीरोगाच्या बाबतीत हेच अवघड आहे. आपल्याकडे रोग पसरवणारा ‘वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी’ हा जंत निसर्गात माणसाखेरीज कुठल्या प्राण्यात वाढत नाही. प्रयोगशाळेतल्या उंदरात तो ठेवता येत नाही. त्यामुळे जगभर त्याच्या भाऊबंदावर, ‘ब्रुगिया मलायी’ या जंतावर काम होतं, कारण तो जर्ड नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात वाढवता येतो.

सेवाग्रामनं या अडचणीवर जो मार्ग काढला तो सांगितला पाहिजे. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी उभी केली. तिथल्या जीवरसायनशास्त्र विभागात डॉ. बी. सी. हरिनाथ यांनी हत्तीरोगावर काम सुरू केलं आणि पुढे तिथे जमनालाल बजाज उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्र उभं राहिलं. प्राण्यात जंत वाढत नाही ना, मग माणसाकडूनच घेऊ, असं त्यांनी ठरवलं. रात्री घेतलेल्या रक्तातून मायक्रोफायलेरिया वेगळे करायचे, पोषक द्रावणात जिवंत ठेवायचे आणि त्यांनी त्या द्रावणात जे सोडलं ते गोळा करायचं. हे मायक्रोग्रॅममध्ये मोजायचं काम. त्यातून एक अँटिजेन निघाला, त्याचा एक भाग पुढे ईएस-३१ या नावानं ओळखला गेला, आणि त्यावर हत्तीरोग ओळखण्याच्या चाचण्या उभ्या राहिल्या. ज्यांना रात्रीच्या रक्तनमुन्याखेरीज निदान ठाऊक नव्हतं त्यांना दिवसा घेतलेल्या रक्तावरून निदान होऊ शकतं हे या जिल्ह्यातल्या खेड्यातल्या संस्थेनं दाखवलं. ‘अँटिजेन शोधून काय मिळालं’ या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे आहे.

पण या पद्धतीला मर्यादा होती. रुग्णाच्या रक्तातून किती जंत मिळणार? आणि डासातून माणसात शिरणारी अळी तर मायक्रोफायलेरियाहूनही दुर्मीळ, तीच अवस्था लसीसाठी महत्त्वाची. इथे विषाणू कामाला आला.

जिवाणूंना खाणारे विषाणू असतात, त्यांना फाज म्हणतात. हे माणसाच्या पेशीत शिरत नाहीत. आपल्या आतड्यात, नाल्यांत, नद्यांत ते अब्जावधींनी असतात. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात हे अर्नेस्ट हॅन्किन यानं १८९६ मध्येच नोंदवलं होतं. पुढे त्यामागे फाज असावेत असं मानलं गेलं. १९८५ साली जॉर्ज स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञानं दाखवलं, की फाजच्या जनुकात परक्या जनुकाचा तुकडा जोडला तर त्या तुकड्याचं प्रथिन फाजच्या अंगावर बाहेर दिसतं. २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना या कामासाठी विभागून मिळालं. यातली खुबी अशी: प्रथिन बाहेर आणि त्याचा जनुकीय नकाशा त्याच फाजच्या पोटात. एक सापडलं की दुसरं आपोआप हाती लागतं.

म्हणून ब्रुगियाच्या अळ्यांमधली सगळी कार्यरत जनुकं घेऊन त्यांचे तुकडे लाखो फाजांमध्ये घालता येतात. प्रत्येक फाजच्या अंगावर जंताचा एकेक तुकडा. मग एका प्लेटवर माणसाच्या रक्तातल्या अँटिबॉडी चिकटवायच्या आणि हा फाजांचा साठा त्यावर ओतायचा. अँटिबॉडी ज्याला ओळखतात तो फाज चिकटून राहतो, बाकीचे धुतले जातात. चिकटलेले जिवाणूंत वाढवायचे, पुन्हा ओतायचे, पुन्हा धुवायचे. सुपात धान्य पाखडावं तसं फेरीगणिक फोलपट उडत जातं आणि शेवटी मोजके दाणे राहतात. त्या दाण्यांची जनुकं वाचली की जंताचे नेमके कुठले पदार्थ शरीरानं हेरले ते कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि तो विज्ञानापेक्षा माणसांविषयी आहे. त्या प्लेटवर कुणाच्या अँटिबॉडी लावायच्या? रोग्याच्या लावल्या तर रोग असताना शरीर काय ओळखतं ते कळेल, पण त्या अँटिबॉडी जंताला थांबवू शकलेल्या नाहीत. हत्तीरोगाच्या पट्ट्यात मात्र अशी माणसं असतात, की ज्यांना जन्मभर तेच डास चावले, ज्यांच्या घरात सुजलेले पाय आहेत, पण ज्यांच्या रक्तात कधी जंत सापडला नाही आणि अंगावर सूज चढली नाही. शास्त्रीय भाषेत त्यांना रोगग्रस्त भागातले निरोगी म्हणतात. त्यांच्यातल्या काहींच्या रक्तात अशा अँटिबॉडी असतात, की त्या पांढऱ्या पेशींच्या मदतीनं जंताच्या अळ्या काचेच्या बशीत मारतात. प्लेटवर लावायच्या त्या या माणसांच्या. २००४ साली भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी मिळून अशीच चाळणी लावली: निरोगींच्या अँटिबॉडींनी जे पकडलं त्यातून रोग्यांच्या अँटिबॉडी पकडतात ते वजा केलं आणि लसीसाठी उमेदवार वेगळे काढले.

अशा चाळणीतून पुढे आलेल्या जंताच्या प्रथिनांवर शिकागोजवळच्या रॉकफर्ड इथे रामस्वामी कल्याणसुंदरम यांच्या गटानं काम केलं. त्यात सेवाग्रामच्या डॉ. एम. व्ही. आर. रेड्डी यांच्या विभागाचा वाटा होता. वर्ध्याच्या संस्थेनं सर्वेक्षणांत गोळा केलेल्या सीरमवर ही प्रथिनं तपासली गेली आणि रोगग्रस्त भागातल्या निरोगी माणसांमध्ये त्यांच्याविरुद्धच्या अँटिबॉडी दिसल्या. त्यातलं एचएसपी १२.६ नावाचं प्रथिन माणसाच्या आयएल-१० या संदेशवाहकाच्या ग्राहकाला चिकटतं, म्हणजे आपली प्रतिकारशक्ती शांत करणारी कळ जंत स्वतःच दाबतो. एचएसपी १२.६, एएलटी-२ आणि टेट्रास्पॅनिन ही तीन प्रथिनं एकत्र जोडून केलेल्या लसीनं उंदरांमध्ये ९० टक्क्यांहून अधिक संरक्षण दिलं. हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं आणि लेखकांच्या यादीत सेवाग्राम आहे. वर्ध्यातल्या खेड्यांतल्या, ज्यांना काही झालं नव्हतं अशा माणसांनी दिलेल्या रक्ताचं हे फलित आहे. याला कागदी संशोधन म्हणणाऱ्यांनी त्या रक्ताचा तरी मान ठेवावा.

इथे विरोधकांचा एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. निरोगी माणसाच्या रक्तात अँटिबॉडी आहे म्हणून ती त्याला निरोगी ठेवते असं सिद्ध होत नाही. कदाचित तो निरोगी आहे वेगळ्याच कारणानं आणि अँटिबॉडी नुसती सोबतीला आहे. हे अगदी बरोबर आहे. म्हणूनच चाळणीनंतर प्राण्यांवरची परीक्षा लागते. आणि त्या परीक्षेत उंदरांतला आकडा माकडांत टिकला नाही. तिथे संरक्षण अर्धवटच मिळालं. पण या निकालाचा अर्थ काय घ्यायचा? काम बंद करा असा घ्यायचा, की तीन प्रथिनं पुरेशी नाहीत, चाळणीतून आणखी उमेदवार काढा असा? हिवतापाच्या बाबतीत जगानं दुसरा अर्थ घेतला. हिवतापाच्या परोपजीवीच्या अंगावरच्या मुख्य प्रथिनाचं जनुक १९८४ साली हाती आलं. त्यावर आधारलेल्या पहिल्या लसीची जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये. मध्ये सदतीस वर्षं गेली. त्याच प्रथिनावरची दुसरी लस, आर-२१, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते आणि तिची शिफारस ऑक्टोबर २०२३ मध्ये झाली. त्या सदतीस वर्षांतल्या पंचविसाव्या वर्षी कुणी ‘लस कुठाय’ म्हणून काम थांबवलं असतं, तर आज आफ्रिकेतल्या लेकरांना ती मिळाली नसती. जंतावर लस होतच नाही असं म्हणणाऱ्यांना आणखी एक उदाहरण देतो. डुकरांतल्या पट्टकृमीविरुद्धची, एकाच प्रथिनावर केलेली लस हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सनं बाजारात आणली आहे. पट्टकृमी आणि हत्तीरोगाचा जंत हे वेगळे प्राणी आहेत हे मला ठाऊक आहे. पण अनेकपेशी जंताला एका प्रथिनानं अडवता येतं, एवढं त्यातून नक्की सिद्ध होतं.

वर्ध्याला कुष्ठरोगाचाही अनुभव आहे. दत्तपूरचं कुष्ठधाम १९३६ चं, गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान १९५१ चं, आणि सेवाग्राम आश्रमात परचुरे शास्त्रींच्या अंगाला गांधीजींनी स्वतः तेल चोळल्याची हकीकत इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. कुष्ठरोगाचा जिवाणू कुठल्याच कृत्रिम माध्यमात वाढत नाही. त्याचे अँटिजेन शोधायचे कसे? १९८५ साली त्याचे जनुक-तुकडे लॅम्डा नावाच्या फाजमध्ये घालून पाच प्रमुख प्रथिनांची जनुकं वेगळी काढली गेली. जे वाढवता येत नाही त्याचा अभ्यास करण्याचं दार विषाणूनं उघडलं. हत्तीरोगाबाबत तेच झालं. ज्या जिल्ह्यानं हे दोन्ही रोग भोगले त्या जिल्ह्यात या तंत्राबद्दल सगळ्यात जास्त आस्था असायला हवी होती.

आता विषाणूच्या भीतीविषयी. कोविशिल्डमध्ये चिंपांझीचा सर्दीचा विषाणू वापरला होता, त्याची वाढ होण्याची शक्ती काढून टाकलेली होती, आणि या लसीच्या चाचणीत सेवाग्रामही एक केंद्र होतं. त्या लसीनंतर क्वचित रक्तात गुठळ्या होऊन प्लेटलेट घटण्याचा गंभीर दुष्परिणाम दिसला. ही गोष्ट दडवू नये. पण तिथे विषाणू माणसाच्या अंगात टोचला जातो. फाजच्या चाळणीत विषाणू प्रयोगशाळेतल्या प्लेटबाहेर येत नाही. अँटिजेन सापडला की तो जिवाणूंत वा यीस्टमध्ये प्रथिन म्हणून वेगळा बनवता येतो. फाजचं काम तिथेच संपतं. दुसरी एक पद्धत आहे, जिथे वाहक विषाणूंमधून अँटिजेन उंदरांना टोचून कोणता उपयोगी ते पाहतात. ऑक्सफर्डच्या गटानं हिवतापाचे दहा अँटिजेन असे शेजारी शेजारी तोलले आणि त्यांतले यकृतातल्या अवस्थेचे दोन बाकीच्यांपेक्षा सरस ठरले. ते २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातही टोचणं उंदरालाच. ‘विषाणू’ हा शब्द ऐकला की दार लावून घ्यायचं, ही सवय कोरोनानं लावली; ती सोडायला हवी.

कुणी म्हणतं, ब्रुगियाचा जनुकीय आराखडा २००७ मध्ये वाचून झाला, आता संगणकच अँटिजेन सुचवेल. संगणक सुचवेल, जरूर सुचवू दे. पण त्या आराखड्यात प्रथिनं बनवणारी सुमारे साडेअकरा हजार जनुकं आहेत. त्यांतली कुठली प्रथिनं प्रत्यक्ष माणसाच्या शरीरानं हेरली आणि कुठली हेरल्यावर जंत हरला, हे संगणकाला माणसाच्या रक्ताखेरीज कोण सांगणार?

गांधीजींचा दाखला देऊन विरोध करणाऱ्यांशी मी सविस्तर बोलू इच्छितो, कारण त्यांच्याशी माझं नातं वादापलीकडचं आहे. गांधीजींनी देवीच्या लशीला विरोध केला होता हे खरं. १९१३ च्या सुमारास ‘इंडियन ओपिनियन’मधल्या आरोग्यविषयक लेखमालेत त्यांनी तो स्पष्ट शब्दांत मांडला. त्या काळातली देवीची लस गाईच्या वासराच्या अंगावर फोड उठवून त्यातून काढलेली असे. त्यांना त्यातली हिंसा आणि किळस दोन्ही खुपत होत्या. पण १९२४ मध्ये अपेंडिक्सचा त्रास झाला तेव्हा ससून रुग्णालयात त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. शरीराविषयी त्यांची मतं प्रयोगानुसार बदलत होती. आज सेवाग्रामला लस-संशोधन शोभत नाही असं त्यांच्या नावानं म्हणणाऱ्यांनी फाजच्या चाळणीकडे नीट पाहावं. हजारो प्रथिनं एकेक करून प्राण्यांवर तपासायची तर किती जीव जातील? चाळणी ते काम आधी काचेवर करते, माणसांनी स्वेच्छेनं दिलेल्या चमचाभर रक्तावर करते आणि प्राण्यांपर्यंत मोजकेच उमेदवार नेते. उंदीर, जर्ड आणि माकडं अजून लागतात, ही गोष्ट मी लपवत नाही. पण हिंसा कमी करण्याचा मार्ग निवडायचा असेल तर तो याच तंत्रातून जातो.

मला उलट एका आक्षेपाची उणीव जाणवते, जो कुणी घेतच नाही. हत्तीरोगाच्या त्या तीन प्रथिनांच्या लसीची पेटंटं इलिनॉय विद्यापीठाच्या नावावर आहेत. उद्या ती लस झाली, तर ज्या माणसांच्या सीरमवर ती पारखली गेली त्यांच्या गावांना ती कोणत्या किमतीत मिळणार? रक्त देणाऱ्यांचा त्यात काय हक्क? संशोधनाला विरोध करणाऱ्यांनी हा प्रश्न विचारला असता तर मी त्यांच्या बाजूला उभा राहिलो असतो. संशोधन नको म्हणण्यानं हा हक्क मिळत नाही. जे काम आपण करत नाही त्यावर आपला हक्क कधीच उभा राहत नाही.

आणि आता घाई का, ते सांगतो. रोगग्रस्त भागातले निरोगी हे डासांच्या सततच्या चाव्यांमुळे घडतात. संसर्ग फिरत असतो म्हणून त्यांच्या अँटिबॉडी टिकतात. गोळी यशस्वी झाली, संडासांच्या व्हेंट पाइपना जाळ्या लागल्या, नाल्या वाहत्या झाल्या आणि क्युलेक्स डास कमी झाला, की नव्या पिढीत असे निरोगी तयार होणार नाहीत आणि जुन्यांच्या रक्तातली पातळी ओसरत जाईल. हे व्हावं हीच आपली इच्छा आहे. पण त्याचबरोबर हत्तीरोगाला माणसाचं शरीर कसं हरवतं याचा सगळ्यात विश्वासार्ह पुरावा या जिल्ह्यातून नाहीसा होईल. नंतर कधी रोग परत आला, औषधांना दाद देईनासा झाला किंवा गोळी न पोचलेल्या एखाद्या पट्ट्यातून पसरला, तर आपण ती चाळणी कुणाच्या रक्तानं लावणार? दुरीकरणाच्या अखेरच्या टप्प्यात उरलेला संसर्ग शोधायलाही अचूक अँटिजेन लागतात, कारण हजारात एखाद्याच्या अंगात जंत असताना रात्रीच्या काचपट्टीवर तो बहुधा दिसत नाही. लसीसाठी केलेला शोध चाचणीलाही कामी येतो, सेवाग्रामनं हे एकदा सिद्ध केलेलं आहे.

म्हणून माझी मागणी अवास्तव नाही आणि तिला मोठा खर्चही नाही. हत्तीरोगाच्या सर्वेक्षणांत आजवर गोळा झालेलं प्रत्येक जुनं सीरम उणे ऐंशी अंशांवर, वय, गाव आणि वर्षाच्या नोंदीसह, संमतीपत्रांसकट जपलं जावं आणि त्याची यादी जाहीर व्हावी. २०२७ पर्यंतच्या प्रत्येक रक्त तपासणीत मायक्रोफायलेरियासाठी काचपट्टी घेताना, संमती देणाऱ्यांकडून, विशेषतः पन्नाशी ओलांडलेल्या निरोगी माणसांकडून, सीरमचा नमुनाही घेतला जावा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं या नमुन्यांवर वुचेरेरियाच्या स्वतःच्या जनुकांची फाज-चाळणी लावायला पैसा द्यावा, ब्रुगियावर थांबू नये. आणि त्यातून निघालेल्या कुठल्याही अँटिजेनवर रक्त देणाऱ्या गावांचा वाटा करारात लिहिला जावा. जिल्हा हिवताप कार्यालय, सेवाग्रामची संस्था आणि राज्याचं आरोग्य खातं यांनी एकत्र बसून हे ठरवायला एक बैठक पुरेल. ती बैठक याच वर्षी व्हावी.